गाडी धुवायला दोन बादल्या पुरेत

बुदैयाकडच्या इमारतींत राहणाऱ्या आपल्या काही कुटुंबांची तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. गाडी उभी करायला जागा आहे, पण तिथे नळ नाही. नळ नाही म्हणून रबरी नळी लावता येत नाही. मग घरी गाडी धुवावी कशी? आमचे मत असे की, ही अडचण नव्हेच. ज्यांच्या अंगणात नळ आहे, त्यांनीही नळी गुंडाळून ठेवावी.

आपल्या बेटावर पाणी येते कोठून, याचा विचार करावा. बुदैयाच्या रस्त्यालगतच्या खजुराच्या बागा जमिनीतल्या गोड्या पाण्यावर वाढल्या. अधारीच्या झऱ्याचे पाणी पाटांनी लांबच्या शेतांना जाई. म्हणून जवळच्यांना सोडून दूरच्यांचे भले करणाऱ्या माणसाला इथले लोक अधारीची उपमा देतात. पुढे उपसा वाढला, भूजल खारावले आणि तो झरा आटला. १९७५ मध्ये सित्रा येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचे काम सुरू झाले. आज नळाला येणारे बहुतेक पाणी इंधन आणि वीज खर्चून समुद्रातून मिळवलेले असते. ते धुळीवर ओतताना हात आखडलाच पाहिजे.

आम्ही शिक्षक, तेव्हा हिशेब मांडतो. नळीतून मिनिटाला दहा लिटर पाणी गेले, तर पंधरा मिनिटांत दीडशे लिटर जाते. पंधरा लिटरच्या दोन बादल्या म्हणजे तीस लिटर. दर आठवड्याला एकशेवीस लिटर वाचले, तर वर्षाला ६,२४० लिटर होतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्या गाडीच्या एका वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होते. आपल्या आठ गाड्यांची वर्षाची बचत जवळपास तेवढीच भरते!

बादलीने धुतले की ओरखडे पडतात, असे काही जण म्हणतात. ओरखडे बादलीने पडत नाहीत, कोरड्या धुळीवर फडके फिरवल्याने पडतात. शामल वाऱ्यानंतर गाडीवर बारीक वाळू बसते. ती आधी मगाने पाणी सोडून भिजवावी. एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी घ्यावे. छतापासून खाली येत एकेक भाग धुवावा. मळलेले फडके आधी साध्या पाण्यात खळबळून पिळावे, मगच साबणात बुडवावे. चाके शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. काम उन्हापूर्वी किंवा सूर्य मावळल्यावर करावे. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळून डाग पडतात. शेवटी मगाने थोडे स्वच्छ पाणी सोडून कोरड्या कापडाने लगेच पुसावे. दमट उन्हाळ्यात एअरकंडिशनरच्या नळीतून ठिबकणारे पाणी याला उत्तम. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने पांढरे ठिपके उरत नाहीत. मात्र ते पिऊ नये.

ज्यांची गाडी पहाटे कोणी मजूर धुतो, त्यांनाही आमचे सांगणे आहे. एकाच गढूळ बादलीत तो पाच गाड्या उरकतो, कारण पाणी त्याला दुरून वाहून आणावे लागते. त्याला रागावण्यापेक्षा दोन बादल्या स्वच्छ पाणी द्यावे आणि मजुरी वेळेवर द्यावी.

आणि निदान सुटीच्या दिवशी हे काम घरच्यांनी मुलांसह करावे. वर्गात "पाणी जपून वापरा" हे वाक्य आम्ही फळ्यावर कितीदा लिहितो. मुले ते वहीत उतरवतात आणि विसरतात. दोन जिने बादली उचलून आणलेले मूल पाणी सहसा सांडत नाही.