जुना ट्रॅक्टर आणि बायोडिझेल

डिझेल इंजिन आणि वनस्पतिज तेल यांचे नाते नवे नाही. १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. तेव्हा आपल्या दारातील तीस-चाळीस वर्षांचा ट्रॅक्टर अथवा जीप तेलापासून केलेल्या इंधनावर चालेल काय, या प्रश्नाचे उत्तर ‘चालेल’ असेच द्यावे लागते. माझे म्हणणे एवढेच की, हे उत्तर अर्धे आहे. आणि अर्ध्या उत्तरावर विसंबून टाकी भरणाऱ्याचा ट्रॅक्टर नेमका वापसा आलेल्या दिवशी बांधावर उभा राहतो.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. घाण्यातून काढलेले करंजाचे तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे. कच्चे तेल डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते. पंपाला ते रेटणे जड जाते, नोझलमधून त्याचा बारीक फवारा होत नाही, आणि न जळलेला अंश नोझलच्या तोंडाशी व पिस्टनच्या रिंगांत काजळी होऊन बसतो. पहिले काही दिवस इंजिन निमूटपणे चालते; तेच फसवे असते.

बायोडिझेल करताना तेलात मेथॅनॉल व थोडा कॉस्टिक घालून ते ढवळतात. जड ग्लिसरीन तळाशी बसते आणि वर राहिलेला द्रव धुऊन, त्यातील पाणी काढून टाकल्यावर डिझेलइतके पातळ इंधन हाती येते. करंजाच्या तेलात मुक्त आम्ल बहुधा अधिक असते. त्यावर आधी निराळी प्रक्रिया न केल्यास इंधनाऐवजी साबण तयार होतो. शिवाय मेथॅनॉल विषारी आहे, चटकन पेटते, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी डोळ्यांना दिसत नाही म्हटले तरी चालेल. हे काम घराच्या पडवीत करण्याचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजिन जुने म्हणून ते बायोडिझेलला नालायक, हा समज मात्र चुकीचा आहे. नव्या गाड्यांतील कॉमन रेल यंत्रणा व धूर गाळणारी जाळी इंधनाच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. जुना यांत्रिक पंप तितका नाजूक नाही, आणि बायोडिझेलच्या अंगच्या स्निग्धतेने त्याचे वंगणही चांगले होते. अडचण पंपाच्या भोवताली आहे. जुन्या रबरी नळ्या व सील बायोडिझेलने फुगतात, मऊ पडतात आणि पाझरू लागतात. त्या काढून व्हिटॉन जातीच्या बसवाव्यात. तांबे, पितळ व जस्त यांच्या सहवासात हे इंधन लवकर बिघडते. यास्तव साठवणीस जस्ताचा मुलामा दिलेले पिंप घेऊ नये.

याहून मोठी अडचण मळाची. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ बायोडिझेल सोडवून काढते व तो थेट फिल्टरमध्ये जाऊन अडकतो. इंजिनाला धाप लागली की शेतकरी इंधनाला दोष देतो. वस्तुतः दोष त्याच्या टाकीचा असतो! म्हणून टाकी आधी धुवावी, नवा फिल्टर बसवावा व आणखी एक जवळ ठेवावा. आरंभ शंभर भागांत पाच भागांनी करावा आणि वीसच्या पुढे जाण्याची घाई करू नये. निव्वळ बायोडिझेलवर लिटरमागे सुमारे ८ टक्के शक्ती कमी मिळते, हेही हिशेबात धरावे. आणि हा प्रयोग पेरणीच्या तोंडावर नव्हे, कामे उरकल्यावर करावा.

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या बंधूंशी एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. २००३ साली मोगली एरंडाचा राष्ट्रीय कार्यक्रम मांडला गेला. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट होते. ते साधले नाही, आणि २०१८ च्या धोरणाने २०३० पर्यंत पाच टक्के एवढेच ठरविले. माळरानावर पाण्यावाचून भरघोस बी येईल, असे गावोगाव सांगणारे आपल्यापैकीच होते. बी तसे आले नाही. ज्याने आपल्या शब्दावर रोपे लावली, तो पुढे आपण सांगितलेल्या चांगल्या बियाण्याकडेही संशयाने पाहतो. सबब इंधनासाठी नव्या लागवडीचा उपदेश आता करू नये. ओढ्याकाठी उभे असलेले करंज पुरेत. त्यांची पेंड खत म्हणून शेतातच राहते. दुसरा साठा खाणावळींच्या कढईत आहे. १ जुलै २०१८ पासून पंचवीस टक्क्यांहून अधिक ध्रुवीय संयुगे असलेले तळणीचे तेल खाद्य म्हणून वापरण्यास मनाई आहे. हे तेल गटाने गोळा करून प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यास द्यावे.

विकत घेताना आयएस १५६०७ या मानकाचा दाखला मागावा. स्वस्त मिळणारा प्रत्येक पिवळा द्रव बायोडिझेल नसतो. काचेच्या बाटलीत थोडे बायोडिझेल व तितकेच पाणी घेऊन हलवावे आणि ठेवून द्यावे. अर्ध्या तासात दोन्ही वेगळे होऊन पाणी नितळ दिसले तर ठीक. मध्ये दुधासारखा साबणी थर राहिला तर तो माल टाकीत घालू नये. नितळ निघाले म्हणून मात्र दाखला मागणे सोडू नये.

हे इंधन हवेतील ओलावा ओढते व काही महिन्यांत आंबूस होते. पेरणी आटोपून ट्रॅक्टर दीर्घकाळ उभा राहणार असेल, तर त्याआधी टाकीतील मिश्रण संपवून ती साध्या डिझेलने काठोकाठ भरावी आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे पंपात व नळ्यांत जुने इंधन उरणार नाही.