नदीची खरी जमा

विजयवाड्यापाशी कृष्णेचा जो प्रवाह वर्षानुवर्षे दप्तरी नोंदला गेला, तो नदीने दिलेल्या समग्र जलाचा हिशेब नसून, वरच्या खोऱ्यातील कालव्यांनी, तलावांनी आणि बाष्पीभवनाने आपापला वाटा उचलल्यानंतरची शिल्लक होय, हे प्रस्तुत अंक वाचताना वाचकांनी ध्यानी ठेवावे, अशी आमची विनंती आहे. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या तंट्यासाठी १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादापुढे १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांची जी प्रवाहमालिका होती, तीत वर वापरले गेलेले पाणी पुन्हा जमेस धरूनच ७५ टक्के विश्वासार्हतेचा, म्हणजे चारांपैकी तीन वर्षी तरी गाठला जाणारा, २०६० अब्ज घनफुटांचा आकडा मुक्रर झाला. ही दुरुस्ती दिसते तितकी सरळ नाही. शेताला दिलेल्या पाण्याचा काही अंश पाझरून पुन्हा नदीस मिळतो, म्हणून तो दोनदा मोजला जाऊ नये. उलट कोयनेचे जे पाणी वीज निर्माण करून सह्याद्रीपलीकडे वाशिष्ठीत उतरते, ते कृष्णेला कधीच परतत नसल्याने सबंधच जमेस धरावे लागते. धरणात श्रावणात अडविलेले पाणी चैत्रात सुटले, तर वार्षिक बेरीज फारशी न बदलताही मासिक प्रवाहाचे स्वरूप पार पालटते. आणि नदीकाठच्या उपशाच्या पंपांची नोंदच जेथे चोख ठेवली जात नाही, तेथे जमेस काय धरावे, हा प्रश्न आम्हांस सर्वांत निकडीचा वाटतो.