पेन्शन २००९ ची, पासपोर्ट आजच्या दराने

ब्रिटन सोडून दुसऱ्या देशात राहायला गेलेल्या पेन्शनरांशी तिथलं सरकार दोन वेगवेगळ्या दरांनी व्यवहार करतं. द्यायचे पैसे जुन्या दराने आणि घ्यायचे आजच्या. सगळ्या देशांत असं नाही. स्पेनमध्ये, अमेरिकेत, फिलिपिन्समध्ये राहणाऱ्याची सरकारी पेन्शन दरवर्षी वाढते. भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, थायलंड इथे राहणाऱ्याची गोठते. २००९ मध्ये पूर्ण बेसिक पेन्शन आठवड्याला ९५.२५ पौंड होती. त्या वर्षी ती सुरू करून जो पुण्यात आला, त्याच्या खात्यात अजूनही ९५.२५ पौंडच जमा होतात. त्याच्याइतकीच वर्षं काम करून, तितकाच नॅशनल इन्शुरन्स भरून मालागाला राहायला गेलेल्या सोबत्याला २०२५-२६ मध्ये १७६.४५ पौंड मिळत होते. आणि एप्रिल २०२५ मध्ये परदेशातून ऑनलाइन पासपोर्ट काढण्याची फी झाली १०८ पौंड. आठवड्याच्या पेन्शनमध्ये एक पासपोर्ट येत नाही.

आमच्या शेजारच्या मावशींचा अर्ज भरायला मी बसले होते, तेव्हा हे आकडे माझ्यासमोर आले. मावशींची उमेदीची सगळी वर्षं लेस्टरच्या होजिअरी कारखान्यात शिवणयंत्रावर गेली. आता त्या कोथरूडला असतात, नातवंडं ब्रिटनमध्येच आहेत. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे पासपोर्ट एकच, ब्रिटिश. भारतात राहण्यासाठीचं ओसीआय कार्ड आहे, पण त्यावर विमानात बसता येत नाही, पासपोर्ट लागतोच. चष्मा काढून, भिंतीवर सावली पडणार नाही अशा बेताने फोटो काढला, तो साइटने परत केला, पुन्हा काढला. मग फीचं पान आलं. मावशींनी चष्मा लावला, आकडा वाचला आणि म्हणाल्या, "अगं, आठवडाभराची पेन्शन गेली की, वर अजून पदरचे घालायचे." कुरिअरचा खर्च त्यानंतर. जुना पासपोर्ट पाठवायचा, नवा येईपर्यंत जीव टांगणीला, आणि तो आला की तीन महिन्यांत ओसीआयच्या साइटवर त्याची नोंद करायची. रुपयांत ती फी बारा हजारांच्या वर जाते. छत्तीस पानी साधा भारतीय पासपोर्ट दीड हजारात मिळतो.

पासपोर्ट दहा वर्षांतून एकदा काढायचा असतो, त्यात एवढं काय, असं कोणी म्हणेल. सरकारची बाजूही आहे, ती मांडली पाहिजे. २०१४ पूर्वी परदेशातून पासपोर्ट काढायला १२८ पौंड पडत; त्या वर्षी ते ८३ वर आणले होते. म्हणजे स्वस्त करायचं मनात आलं तर करता येतं. त्यानंतर मात्र २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षं वाढ झाली. सरकार सांगतं, यात नफा नाही. जो सेवा वापरतो त्याने तिचा खर्च उचलावा, सगळ्या करदात्यांवर तो बोजा नको. या खर्चात परदेशात अडकलेल्यांना मदत करणाऱ्या वकिलातींचा वाटा धरलेला आहे, आणि ब्रिटनच्या विमानतळांवर नागरिकांची तपासणी करण्याचाही. इथे माझं मन अडतं. त्या तपासणीच्या रांगेत मावशी कितीदा उभ्या राहतात? मँचेस्टरमध्ये राहून दर सुट्टीत बाहेर जाणारा माणूस २०२५ मध्ये घरबसल्या ९४.५० पौंडांत पासपोर्ट काढत होता, आणि क्वचित जाणाऱ्या मावशींना साडेतेरा पौंड जास्त मोजावे लागत होते.

दुसऱ्या बाजूने राहत्या देशाचा व्हिसा दाबतो. थायलंडमध्ये, हुआ हिन किंवा चिआंग माई इथे, निवृत्तीच्या व्हिसावर राहणारे बरेच ब्रिटिश आहेत. दर वर्षीच्या मुदतवाढीची फी १,९०० बाहत, ती किरकोळ. खरा भार अटीचा आहे: बँकेत आठ लाख बाहत ठेवा, नाहीतर महिन्याला ६५,००० बाहत उत्पन्न दाखवा. पूर्वी ब्रिटिश वकिलात उत्पन्नाचं पत्र देत असे, त्यावर काम भागायचं. २०१९ सुरू होताना ते बंद झालं. पुढे नियम आला की आठ लाख अर्जाआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने हलवायचे नाहीत, आणि उरलेल्या काळातही शिल्लक चार लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. वीसेक वर्षांपूर्वी पौंडाला सत्तरच्या आसपास बाहत मिळत. आता चव्वेचाळीसच्या आसपास मिळतात. २०२५-२६ ची पूर्ण नवी सरकारी पेन्शन, आठवड्याला २३०.२५ पौंड, महिन्याला हजार पौंडांच्या आत बसत होती. तिचे चव्वेचाळीस हजारही बाहत होत नव्हते. गोठलेल्या पेन्शनवाल्याचं काय होत असेल, याचा विचारच करवत नाही.

ज्यांच्याकडे दोन नागरिकत्वं आहेत, त्यांची वेगळीच कोंडी झाली आहे. पर्थ किंवा टोरांटोमध्ये चाळीस वर्षं राहिलेला माणूस आजवर ऑस्ट्रेलियन किंवा कॅनेडियन पासपोर्टवर ब्रिटनला जाऊन येई. २५ फेब्रुवारी २०२६ पासून त्याला ब्रिटिश पासपोर्ट दाखवावा लागतो, नाहीतर दुसऱ्या पासपोर्टसोबत निवासहक्काचं प्रमाणपत्र. हा नियम आला तेव्हा त्या प्रमाणपत्राची फी ५८९ पौंड होती. त्याच वेळी शेजारचा पर्यटक १६ पौंडांच्या ईटीए या प्रवास-परवान्यावर निघत होता, पण ब्रिटिश नागरिकाला ईटीए मिळतच नाही. पासपोर्टच्या अर्जाबरोबर दुसऱ्या पासपोर्टच्या पानांच्या रंगीत झेरॉक्सही जोडायच्या.

आणि ब्रिटनला एकट्याने परतायचं नसेल, परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला घेऊन जायचं असेल, तर फीचा आकडा हजारांत जातो. एप्रिल २०२५ मध्ये जोडीदाराच्या व्हिसाला १,९३८ पौंड पडत, शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे पहिल्या मुदतीचे ३,१०५. मिळून पाच हजारांच्या वर, आणि कायमचं राहण्याचा परवाना अजून लांबच. वर ब्रिटिश जोडीदाराचं उत्पन्न वर्षाला २९,००० पौंड हवं. एप्रिल २०२४ पर्यंत ही अट १८,६०० होती. फक्त शिलकीवर जायचं तर बँकेत ८८,५०० पौंड. पासपोर्टच्या फीत नफा नाही म्हणता येईल, पण व्हिसाची फी प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त ठेवायची मुभा २०१४ च्या इमिग्रेशन कायद्यानेच दिली आहे. आईवडील थकले म्हणून घरी परतू पाहणाऱ्या मुलाकडून असा वरचा पैसा घेणं मला पटत नाही.

यात काही बदलत नाही असंही नाही. परदेशात पंधरा वर्षं झाली की ब्रिटिश नागरिकाचा मतदानाचा हक्क जात असे. इटलीत राहणारे, दुसऱ्या महायुद्धात लढलेले हॅरी शिंडलर त्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडले. २०२३ च्या फेब्रुवारीत, १०१ व्या वर्षी ते गेले. जानेवारी २०२४ मध्ये पंधरा वर्षांची मर्यादा उठली. आता मावशींनाही मत आहे.

पासपोर्टच्या बाबतीत तर वाट आधीच पाडलेली आहे. २ सप्टेंबर १९२९ रोजी किंवा त्याआधी जन्मलेल्या ब्रिटिश नागरिकाला पासपोर्ट मोफत मिळतो. महायुद्ध पाहिलेल्या पिढीला दिलेला तो मान आहे. त्या पिढीतले आता शंभरीच्या आसपासचे, मोजकेच उरले असतील. त्याच यादीत पेन्शन गोठलेल्या देशांतल्या पेन्शनरांना घालावं. पेन्शन वाढवायला तिजोरीत पैसा नाही असं प्रत्येक सरकार सांगत आलं आहे. दहा वर्षांतून एकदा पासपोर्टची फी सोडायला तेवढा पैसा लागत नाही.