यंत्र शिकवितात, धोरण कोण शिकविणार?

नोकरी टिकवावयाची असेल तर नवे तंत्र शिका, असा उपदेश आज मंत्र्यांपासून कचेरीतल्या कनिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत जो तो कष्टकऱ्याला करीत आहे. तंत्र शिकण्याला आमची हरकत नाही. लालबाग-परळच्या कामगाराने यंत्राकडे कधीच पाठ फिरविली नव्हती. साच्याचा नुसता आवाज ऐकून बिघाड ओळखणारी माणसे याच चाळींतून राहत होती. हरकत आहे ती या उपदेशाच्या अर्धवटपणाला. यंत्र कसे चालवावे हे शिकवावयास सारे तयार आहेत. ते कोणत्या अटींवर आत आले, त्या अटी कोणी लिहिल्या आणि त्या बदलून घेता येतात काय, हे कष्टकऱ्याला सांगावयास कोणी पुढे येत नाही.

हा विषय शिकविला जात नाही असे मात्र नाही. बंगळुरूच्या तक्षशिलासारख्या संस्था नोकरदारांसाठी तंत्रज्ञान-धोरणाचे अभ्यासक्रम ऑनलाइन चालवितात. शिकणाऱ्यांचा हेवा करण्याचे कारण नाही. पण इंग्रजीतून, फी भरून, पुढच्या बढतीकडे डोळा ठेवून जे शिकले जाते, त्यातून कंपन्यांना आणि सरकारला सल्लागार मिळतात. कामगार संघटनेच्या बाजूने टेबलावर बसणारा माणूस त्यातून क्वचितच निघेल. तो आपला आपणच तयार केला पाहिजे.

पूर्वी तो तयार केला जात असे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप चालला. दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळा, कातखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू पाहा, अशी मालकांची नवी व्यवस्था होती आणि तिचे नाव होते रॅशनलायझेशन. ना. म. जोशी आणि श्री. अ. डांगे ही एरवी एकमेकांशी न पटणारी माणसे तेव्हा संयुक्त संपसमितीत एकत्र बसली. संप मिटला तो फॉसेट समितीकडे वाद सोपवून. तेथे मालकांनी ठेवलेली दरांच्या प्रमाणीकरणाची योजना खात्याखात्याने आणि कलमाकलमाने तपासावी लागली. घोषणा देऊन ते काम होण्यासारखे नव्हते. सुताचा नंबर, कापडाचा पन्ना, साच्याचा वेग यांचा मजुरीशी असलेला हिशेब ज्याला कळत होता, त्याच्याच आक्षेपाला तेथे किंमत होती. ज्या डिलाइल रोडला आज जोशींचे नाव आहे, त्या रस्त्याने रोज कामावर जाणाऱ्या तरुणांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

दुसरे उदाहरण तुलनेने जवळचे आहे. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी इंडियन बँक्स असोसिएशनशी संगणकीकरणाचा करार केला. यंत्रे किती, कोठे आणि कोणत्या कामासाठी, याच्या मर्यादा त्यात लिहून घेतल्या. पुढे १९८७ आणि १९९३ मध्ये नवे करार झाले व त्या मर्यादा सैल होत गेल्या, हे खरे. परंतु दशकभर तरी संगणक बँकेत आला तो वाटाघाटीच्या दारातून. याच काळात गिरणगावात काय घडले? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि होरपळले. जून १९८५ मध्ये केंद्राने नवे वस्त्रोद्योग धोरण जाहीर केले, आजारी गिरण्या बंद करण्याचा मार्ग मोकळा केला. तेव्हा कामगाराचा आवाज उरलाच नव्हता. गिरणी कामगारांचे शौर्य बँकेतल्या कारकुनापेक्षा कमी होते असे कोण म्हणेल? कारकुनाला संघटना मोकळेपणी निवडता येत होती, गिरणी कामगारावर मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकच मान्यताप्राप्त संघटना लादली होती, हा फरक विसरून चालणार नाही. पण त्याखेरीज एक फरक उरतोच: बँकवाल्यांनी यंत्राचा प्रश्न कागदावर, मुदतीसह आणि आकड्यांसह मांडला.

आता आजच्या कागदांकडे वळू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आहे. तिच्या ४०व्या कलमाप्रमाणे, कामगार कमी होण्याचा संभव असलेले रॅशनलायझेशन, प्रमाणीकरण किंवा तंत्रसुधारणा करावयाची असेल, तर मालकाने नोटीस दिली पाहिजे आणि त्यानंतर एकवीस दिवस थांबले पाहिजे. १९२८चेच शब्द! मात्र याच संहितेत व्यवस्थापकीय काम करणारा ‘कामगार’ ठरत नाही. देखरेखीचे काम करून महिना अठरा हजारांहून अधिक वेतन घेणाराही ठरत नाही. कमला मिलच्या आवारातल्या काचेच्या कचेरीत ‘मॅनेजर’ म्हणून मिरविणाऱ्या तरुणाने आपल्या ओळखपत्रावरचा हुद्दा या प्रकाशात एकदा वाचावा. त्याला तो मान वाटतो. उद्या वाद उभा राहिलाच तर मालक तोच हुद्दा पुढे करील.

२०२३चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही असाच. सातव्या कलमाने नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा दिली आहे. चेहरा दाखवून हजेरी, मोबाइलवरून माग, कामाच्या वेगाची मिनिटामिनिटाची नोंद ही सारी याच फटीतून आत येऊ शकतात. या कायद्याच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध करून सरकारने जनतेच्या सूचना मागविल्या होत्या. परळ-दादरच्या आपल्या किती शाखांत तो मसुदा वाचला गेला?

कष्टकऱ्याला हे कळणार नाही, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांना अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्येच उत्तर दिले. पोषण ट्रॅकर इंग्रजीत आहे, दिलेले फोन निकृष्ट आहेत, असे सांगून राज्यभर त्यांनी ते मोबाइल शासनाला परत केले. सॉफ्टवेअरची भाषा कोणी ठरवावयाची, हा शुद्ध धोरणाचा प्रश्न त्यांनी कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय अचूक उचलला.

वेळ नाही, ही सबबही जुनीच आहे. जोशींनी १९११ साली स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात रात्रीच्या शाळा चालविल्या, त्या पाळी संपवून आलेल्या माणसांसाठीच. आपल्या शाखांनी आठवड्यातील एक संध्याकाळ द्यावी. व्याख्याता नको, अध्यक्ष नको, हारतुरे तर मुळीच नकोत. पहिल्या बैठकीत ४०वे कलम आणि तिसरी अनुसूची मराठीतून मोठ्याने वाचावी. दुसरीत १९८३चा करार समोर ठेवावा. तिसरीत प्रत्येकाने आपल्या कामावरच्या ॲपच्या अटी आणाव्यात, ज्या आजवर न वाचताच मान्य केल्या आहेत. चौथ्या बैठकीपर्यंत एखाद्या कचेरीच्या फलकावर नोटीस लागलेली असण्याचा संभव आहे, आणि तीवर हरकत कोणी लिहावयाची, ते नाव त्याआधीच ठरवून ठेवावे.