मिरचीच्या पथारीवरची सोनबाई

थंडी पडू लागली की नंदुरबारच्या पथाऱ्या लाल होतात. शेतातून आलेली ओली मिरची उघड्या मैदानावर वाळत पडते आणि तिच्या कडेला तोंडाला फडकं बांधून आयाबाया देठ खुडत बसतात. दिवसभर ठसका आणि रात्रभर हातांची आग. लेकराला जवळ घ्यायचं तरी आधी हात दहादा धुवायचे. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना आम्ही वेगळं काय सांगणार!

अशाच एका मावशींना आम्ही एकदा 'मिर्च मसाला' या सिनेमाची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "व माय! मिरची कुटणाऱ्या बायांवर पिच्चर काढला?" हो मावशी, काढला. आणि त्यातली मुख्य बाई कुठली, ठाऊक आहे का? आपल्या शेजारच्या शिरपूरची.

स्मिता पाटील! जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५ चा. पण घर मूळचं शिरपूरचं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. त्याआधी आपण आणि शिरपूर एकाच धुळे जिल्ह्यात होतो. वडील शिवाजीराव पाटील राज्यात मंत्री. सेवादलात वाढलेली ही मुलगी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची. तिथून ती सिनेमात गेली. रंग सावळा, चेहरा आपल्या वस्तीत कुठेही दिसावा असा. गोऱ्या रंगावर भाळणाऱ्या सिनेमात ती त्याच रंगानिशी उभी राहिली, हे आमच्या सावळ्या लेकींनी ध्यानात ठेवावं.

तिच्या भूमिका पुष्कळ. 'मंथन' (१९७६) मधली दूध घालणारी बिंदू. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून तो सिनेमा उभा केला होता. 'भूमिका' (१९७७) हा हंसा वाडकरांच्या आत्मकथेवरचा सिनेमा. त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. झोपडपट्टीतली अम्मा रंगवलेल्या 'चक्र' (१९८१) साठी तो पुन्हा मिळाला. १९८५ मध्ये पद्मश्री झाली. पण आज आम्हाला चार भूमिकांबद्दल सविस्तर बोलायचं आहे, कारण त्या आपल्या घराजवळच्या आहेत.

पहिली, 'आक्रोश' (१९८०) मधली नागी. आदिवासी मजुराची बायको. गावच्या मोठ्या माणसांनी तिची अब्रू घेतली, तिचा जीव गेला आणि खुनाचा आरोप आला तिच्याच नवऱ्यावर. तो कोर्टात तोंड उघडत नाही, कारण बोलून काय होणार हे त्याला माहीत आहे. नागीच्या वाट्याला बोलणं जवळजवळ नाहीच. पण सिनेमा संपल्यावर तिचाच चेहरा डोळ्यांपुढे राहतो.

दुसरी, 'सद्गती' (१९८१) मधली झुरिया. प्रेमचंदांची कथा, सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेला छोटा चित्रपट. चांभार समाजाचा दुखी मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला ब्राह्मणाकडे जातो. अंगात ताप, पोटात अन्न नाही. तरी त्याला मोठा ओंडका फोडायला लावतात आणि तिथेच तो मरतो. झुरिया त्या बंद दारापुढे टाहो फोडते. दार उघडत नाही. प्रेत उचलायला समाजाची माणसं नकार देतात, तेव्हा तो ब्राह्मण पायाला दोरी बांधून ते ओढत नेतो, मेलेलं ढोर ओढावं तसं. मेलेली ढोरं ओढू नका, असं बाबासाहेबांनी आपल्या आज्या-पणज्यांना का सांगितलं, हे ज्या मुलांना अजून कळलेलं नाही त्यांना हा चित्रपट जरूर दाखवा. मुहूर्त विचारायला गेलेला माणूस जिवाला मुकला, हेही त्यांना सांगा.

तिसरी, 'उंबरठा' (१९८२) मधली सुलभा. शांता निसळ यांच्या कादंबरीवरचा, जब्बार पटेल यांचा सिनेमा. याच जब्बार पटेलांनी पुढे बाबासाहेबांवर चित्रपट केला. सुलभा खात्यापित्या घरची. महिला सुधारगृहात नोकरी करायला ती घर सोडते. परत येते तर नवऱ्याचं दुसरीकडे जुळलेलं. ती पुन्हा बाहेर पडते. कोणी म्हणेल, हा मोठ्या घरचा प्रश्न. आमच्या बाया तर रोज पहाटे उंबरठा ओलांडतात! खरं आहे. पण संध्याकाळी मजुरी कोणाच्या हातात जाते? मुलीला दहावीपुढे शिकवायचं की लग्न लावायचं, हे कोण ठरवतं? आपल्या बाईचा उंबरठा तिथे आहे. कामाला जाण्याची परवानगी म्हणजे स्वातंत्र्य नव्हे.

आणि चौथी, आपली सोनबाई. 'मिर्च मसाला' १९८७ मध्ये आला. गावावर तळ ठोकलेल्या सुभेदाराला ती थोबाडीत मारते आणि मिरचीच्या कारखान्यात आसरा घेते. म्हातारा पहारेकरी अबू मियाँ दार लावून घेतो. बाहेर गाव म्हणतं, एक बाई देऊन टाका, बाकीचे वाचू. आत काही बायाही तिलाच बोल लावतात. हे फार खरं आहे, भगिनींनो! एकीवर वेळ आली की पहिलं बोट आपल्यातलीच दाखवते. पण दार फुटतं, अबू मियाँ पडतो, तेव्हा त्याच बाया मिरचीची पूड उचलतात आणि सुभेदाराच्या डोळ्यांत फेकतात. जी मिरची त्यांचे हात जाळत होती, तीच त्यांच्या कामी येते.

हा सिनेमा लागला तेव्हा स्मिता नव्हती. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली, बाळंतपणानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी. वय एकतीस. मुंबईत, सगळ्या सोयी हाताशी असून. मग धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या बाईचं काय? म्हणून सासूबाईंना आमची विनंती आहे: बाळंतिणीला ताप आला, अंगावरून जास्त गेलं, तर काढे देत बसू नका. गाडी करा आणि दवाखाना गाठा.

एक गोष्ट मात्र मनात राहते. नागी, झुरिया, अम्मा या आपल्या बाया. त्या साकारल्या मंत्र्याच्या लेकीनं. तिनं प्रामाणिकपणे साकारल्या, त्याबद्दल तिचं ऋण आहे. पण आपल्या लेकी स्वतः कधी उभ्या राहणार? १४ एप्रिलच्या कार्यक्रमात मुलींना नुसतं नाचात उभं करू नका. एखादं नाटुकलं बसवा, त्यात त्यांना बोलू द्या.

पथारीवरच्या मावशी शेवटी म्हणाल्या, "माझी नात चांगलं बोलते हो." मग मावशी, तिलाच सोनबाई करा. मिरचीला तर आपल्याकडे तोटा नाही!