आठी दिसली म्हणजे राग नव्हे

माझी एक मैत्रीण बँकेत कर्जविभागात काम करते. स्वभावाने अतिशय मायाळू. पण समोर बसलेला ग्राहक हमखास विचारतो, "मॅडम, काही चुकलं का?" कारण तिच्या भुवयांच्या मधोमध दोन खोल उभ्या आठ्या आहेत. गेल्या महिन्यात तिने त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन बोटॉक्स घेतलं, तेव्हा ओळखीतल्या काही जणांनी नाकं मुरडली. मला ती नाकं मुरडणारी माणसं खटकली.

या आठ्या रागातूनच येतात, हा आपला समज चुकीचा आहे. भुवया आत ओढणारा स्नायू उन्हात डोळे बारीक केले, चष्म्याचा नंबर वाढला, आकडेमोडीत लक्ष गुंतलं, तरी आकुंचन पावतो. चार्ल्स डार्विनने 1872 मध्ये भावनांच्या आविष्कारावर ग्रंथ लिहिला. विचारात किंवा कामात काही अवघड समोर आलं की माणसाच्या भुवया आक्रसतात, असं त्याने त्यात नोंदवलं होतं. वर्षानुवर्षं त्याच जागी घडी पडत राहिली की ती कातडीवर कायमची उमटते. म्हणजे ज्या आठ्यांना आपण तिरसटपणा समजतो, त्या कित्येकदा कष्टाच्या असतात.

आणि आपण समजूत करून घेतो तीही किती झटपट! प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॅनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी 2006 मध्ये दाखवून दिलं, की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी तो माणूस विश्वासू आहे की नाही, याबद्दल आपण मत बनवतो. मुलाखतीच्या खोलीत, स्थळ पाहायला गेल्यावर, शाळेच्या पालकसभेत हेच चालतं. बायकांवर तर चेहरा सदैव हसरा ठेवायची सक्तीच असते.

मैत्रिणीने घेतलेल्या बोटॉक्सच्या इंजेक्शनची सुरुवात डोळ्यांच्या उपचारातून झाली. कॅनडात व्हँकुव्हरला नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारावर बोटुलिनम विषाची अत्यल्प मात्रा वापरत. भुवयांच्या मध्ये सुई टोचली की चेहरा निवांत दिसतो, हे त्यांच्या एका रुग्णाच्याच लक्षात आलं. जीन आणि त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती अ‍ॅलिस्टर यांनी 1992 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला, आणि 2002 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आठ्यांसाठी या औषधाला मान्यता दिली. आकुंचन पावण्याचा निरोप मज्जातंतूकडून स्नायूपर्यंत नेणारं रसायन हे औषध अडवून धरतं. साधारणपणे पाच जागी मिळून वीस युनिट टोचतात. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो.

म्हणून ज्याला ते घ्यावंसं वाटतं, त्याने संकोच करू नये. मात्र ते पार्लरमध्ये, सवलतीच्या जाहिरातीला भुलून घेऊ नये. औषध चुकीच्या जागी पसरलं तर पापणी काही आठवडे खाली लोंबू शकते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते टाळावं आणि स्नायूंच्या दुर्बलतेचा आजार असलेल्यांनी तो डॉक्टरांना आधी सांगावा. डॉक्टरांची पदवी विचारावी, औषधाची बाटली आपल्यासमोर उघडायला सांगावी. यात भीड कसली?

आणखी एक गोष्ट घेणाऱ्याने मनात ठेवावी. समोरच्याचं दुःख समजून घेताना आपला चेहराही नकळत त्याच्यासारखा होतो. 2011 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोटॉक्स घेतलेल्यांना इतरांच्या डोळ्यांतले भाव ओळखणं किंचित अवघड गेलं. एका अभ्यासावरून घाबरून जायचं कारण नाही, पण चेहरा पार गुळगुळीत करण्याचा हट्टही नको. आठी सौम्य झाली की पुरे.

माझी मैत्रीण आता समाधानी आहे, आणि मला तिच्याबद्दल आनंद आहे. तरी एक प्रश्न उरतोच: तिची आठी सुईने गेली, पण सेकंदाच्या दहाव्या भागात निकाल देणारी आपली नजर कोणत्या औषधाने सुधारणार? मुलाखत घेणाऱ्यांना, स्थळं पाहणाऱ्यांना, वर्गात नवं मूल आलेल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या नजरेत बनलेलं मत बाजूला ठेवा आणि त्या माणसाला दहा मिनिटं बोलू द्या.