सोरायसिस : रक्त काय सांगते, काय नाही

त्वचेवर लालसर, खवल्यांचे चट्टे उठले की आपल्याकडे निष्कर्ष ठरलेला असतो, ‘रक्त बिघडलंय’. मग रक्तशुद्धीचे काढे सुरू होतात. सोरायसिस अशुद्ध रक्ताने होत नाही आणि स्पर्शाने पसरतही नाही. मात्र या आजाराचा माग रक्तात काढण्याचे संशोधन सध्या जोरात आहे. त्यातून रुग्णाच्या हाती काय लागते, ते पाहू.

औषध लागू पडते आहे का, हे आजही डॉक्टर डोळ्यांनीच ठरवतात. १९७८ साली मांडलेल्या ‘पासी’ या मोजपट्टीत चट्ट्यांचा लालसरपणा, जाडी, खवले आणि व्याप्ती यांवरून ० ते ७२ गुण देतात. गुण ७५ टक्क्यांनी उतरले तर उपचार चांगला लागू पडला असे समजतात. पण पासी आजची त्वचा दाखवते. कोणते औषध कोणाला मानवेल, हे ती आधी सांगत नाही.

हा प्रश्न पैशाचाही आहे. बंगळुरूच्या बायोकॉनचे इटोलिझुमॅब २०१३ मध्ये भारतात मंजूर झाले. त्यानंतर इतर बायोलॉजिक इंजेक्शनेही आली, आणि ती महाग आहेत. न लागू पडणाऱ्या औषधावर तीन-चार महिने घालवणे सामान्य कुटुंबाला परवडत नाही.

सोरायसिसचा दाह त्वचेपुरता राहत नाही. या रुग्णांत लठ्ठपणा, मधुमेह, उच्च रक्तदाब, फॅटी लिव्हर आणि हृदयविकार अधिक आढळतात. म्हणून ट्रायग्लिसराइड, इन्सुलिन, चरबीतून स्रवणारी लेप्टिन व ॲडिपोनेक्टिन ही द्रव्ये आणि अमिनो आम्ले उपचारानुसार कशी बदलतात, याचा अभ्यास चालू आहे. दिशा आशादायक आहे. पण केवळ त्या आकड्यांवर औषध निवडावे किंवा बदलावे, इतकी खात्रीची एकही तपासणी अजून नाही.

अडचण अशी की हे आकडे औषधांमुळेही हलतात. ॲसिट्रेटिनने ट्रायग्लिसराइड वाढू शकते, सायक्लोस्पोरिनने रक्तदाब, तर मेथोट्रेक्सेटने यकृताची एन्झाइम्स. सीआरपी तर साध्या तापातही वाढते. म्हणजे त्वचा सुधारत असताना रिपोर्ट बिघडलेला दिसू शकतो. उलट, चट्टे गेले तरी साखर चढलेलीच राहू शकते.

मग रक्त तपासायचेच नाही का? तपासायचे, पण हेतू ओळखून. कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर, लिपिड आणि यकृताच्या तपासण्या हृदय व यकृत सांभाळण्यासाठी, आणि औषध सुरक्षित आहे ना हे पाहण्यासाठी करायच्या. पुरुषांचा घेर ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला तर सावध व्हावे. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने उपचारालाही मदत होते.

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब व साखर तपासणी अपेक्षित आहे. सोरायसिसच्या रुग्णाला त्यात आवर्जून ओढून घ्यायला हवे. वेंगुर्ल्याचा रुग्ण चट्ट्यांसाठी अनेकदा ओरोस किंवा बांबोळीला खेपा घालतो, आणि रक्तदाब मात्र गावातही कोणी मोजलेला नसतो. त्वचेच्या केसपेपरवर रक्तदाब आणि साखरेची नोंद सक्तीची केली तर त्यासाठी नवे यंत्र लागणार नाही.

मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. सोरायसिससाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते; चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. त्यासाठी घरच्या कॅलेंडरवर वार लिहून ठेवा. दुसरे, काजूच्या हंगामातली उर्राकही दारूच आहे. यकृत त्यात भेद करत नाही.

महागड्या ‘मेटाबॉलिक’ पॅकेजसाठी पैसे मोजण्याआधी डॉक्टरांना एवढेच विचारा, ‘या रिपोर्टमुळे माझ्या उपचारात काय बदलेल?’ उत्तर नेमके मिळाले नाही, तर ते पैसे नेहमीच्या औषधासाठी राखून ठेवा.